बाळपणीचे नवल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची मोकळीकही दिली. निवृत्त शिक्षक उभा राहिला म्हणजे शिस्त आणि विद्यार्जन यांवर व्याख्यान ऐकावे लागणार, अशी आपली समजूत झाली असेल. परंतु आज आम्ही सिनेमाविषयी बोलणार आहोत. लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेला चित्रपट उतारवयात पुन्हा पाहिला असता काय गवसते, एवढाच आमचा विषय.

येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा आपणांपैकी बहुतेकांस परिचित आहे. तेथून दोन कोसांवर आमचे खेडे. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना यात्रेत तंबूचा सिनेमा आला. वडील शिवणयंत्रावर यात्रेची कापडे शिवून नुकतेच मोकळे झाले होते. त्यांनी आमचे बोट धरले आणि आम्ही निघालो. आत जमिनीवरच बैठक होती. पडदा मधोमध टांगलेला असल्याने मागल्या अंगास बसणाऱ्यांस सारे चित्र उलटे दिसे. बाहेर इंजिनाची धडधड चालू होती. चित्रपट होता प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’.

दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ सालचा. पुढच्याच वर्षी इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते आणि गौरी नावाच्या नटीने जिजाईचे काम केले होते. आपल्या ज्ञातीस तर तुकोबा विशेष जवळचे. नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन त्यांना अभंगरचनेची आज्ञा केली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. अखेरीस वैकुंठाचे विमान उतरले, तेव्हा तंबूतील म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. वडिलांनी आम्हांस खांद्यावर घेतले. ते विमान तंबू फाडून येरमाळ्याच्या आभाळात गेले, अशी आमची त्या रात्री पक्की खात्री झाली होती.

आई मात्र आली नव्हती. धाकटी बहीण तान्ही होती आणि पैसेही दोघांपुरतेच होते. सकाळी भाकरी थापता थापता तिने आमच्याकडून सारी कथा ऐकली. शेवटी तिने विचारले, “मग जिजाई गेली का रे विमानात?” आम्ही म्हणालो, “नाही, ती घरीच राहिली.” आई काही बोलली नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली. आम्हांस वाटले, तिला गोष्ट कळली नसावी.

पुढे आम्ही मॅट्रिक झालो आणि शिक्षकाची नोकरी लागली. शहाणपण आले आणि नवल गेले. एका वर्षी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगा वर्गात पेंगताना सापडला. रात्री तंबूत गेलो होतो, असे त्याने खरे खरे सांगितले. आम्ही त्याच्या हातावर छड्या मारल्या. त्याच आठवड्यात आम्ही वर्गाला साने गुरुजींच्या ‘श्यामच्या आई’तील पोहण्याची गोष्ट वाचून दाखविली होती. श्यामची आईही मारते, पण मागाहून त्याला जवळ घेते. आम्ही मारले तेवढे आणि पुढला धडा उघडला. त्या मुलाने काय पाहिले, हे विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही. ही चूक आज आपणांसमोर कबूल करतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचा नातू आला होता. त्याच्यासह ‘संत तुकाराम’ घरच्या पडद्यावर पाहिला. विमान आले तेव्हा आम्ही मास्तरकी सुरू केली. सेकंदास चोवीस चित्रे डोळ्यांपुढून सरकतात, दोन तासांच्या खेळात त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास भरते. तंबूतील यंत्रात तर एक चित्र सरकून दुसरे येईपर्यंत उजेड अडविला जाई आणि पडदा पुष्कळ वेळ काळाच असे. ती पोकळी आपलीच दृष्टी भरून काढी. नातवाने शांतपणे ऐकून विचारले, “म्हणजे आजोबा, हे सगळे खोटे?”

उत्तर देताना आम्हांस दादासाहेब फाळके आठवले. ते छायाचित्रकार होते, छपाईचे जाणकार होते आणि जादूचे प्रयोगही करीत. फसवणुकीची प्रत्येक युक्ती त्यांना ठाऊक होती. असा हा गृहस्थ चाळिशीच्या सुमारास गिरगावात येशूच्या चरित्राचा मूकपट पाहून भारावला आणि पत्नी सरस्वतीबाईंस घेऊन पुन्हा पाहावयास गेला. पुढे त्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना थोडे थोडे चित्रित करून त्याचा वेल डोळ्यांदेखत वर चढविला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोके पाडण्यापासून साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधण्यापर्यंत सर्व केले. तेव्हा युक्ती कळली म्हणून नवल मरत नाही. आपण पाहणेच सोडून देतो, तेव्हा ते मरते.

हे बोलत असतानाच पडद्यावर जिजाई दिसली. विमान दाराशी आले तरी तिचा जीव घरात आणि पोराबाळांत गुंतलेला. वर चाललेल्या धन्याकडे ती पाहत राहते. साठ वर्षांपूर्वी आम्ही फक्त विमान पाहिले होते. आता विमानावरून आमची नजर खाली आली आणि जिजाईच्या जागी चुलीपुढची आमची आई दिसली. तिला गोष्ट पुरती कळली होती. कळली नव्हती ती आम्हांस. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही रडता का?” आम्ही त्यास आईची म्हणजे त्याच्या पणजीची हकीकत सांगितली. मग त्याने विमानाचा भाग पुन्हा लावावयास सांगितले आणि या खेपेस तोही जिजाईकडेच पाहत होता.

सज्जनहो, बाळपणीचे नवल असे परत येते. ते जसेच्या तसे येत नाही. पूर्वी जे दिसले नव्हते, ते घेऊन येते. त्यासाठी शेजारी एखादे लेकरू मात्र बसलेले असावे लागते. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला आहे. एका घरात चौघे चार निरनिराळी चित्रे पाहतात आणि कोणी कोणास काही विचारीत नाही.

म्हणून मंडळाकडे एक नम्र सूचना करतो. महिन्यातून एक सायंकाळ मंडळाच्या सभागृहात ‘संत तुकाराम’, १९५३ साली आचार्य अत्र्यांनी काढलेला ‘श्यामची आई’ असे चित्रपट लावावेत. लहानथोर एकत्र बसावेत. त्या दिवशी कोणाच्याही घरी संध्याकाळची चूल पेटू नये. खिचडीचे पातेले पुरुषमंडळींनी सभागृहातच चढवावे. पहिली रांग मात्र आपल्या आयाबहिणींसाठी राखून ठेवावी. आमच्या आईसाठी ती कोणी राखली नव्हती आणि आता आमच्या हातून ते होणे नाही.