नोटिशीची भाषा



वाचनालय म्हणजे कथाकादंबऱ्यांचे माहेरघर, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु आयुष्यात एखादा कागद असाही येतो की, तो वाचता आला नाही तर राहते घर हातचे जाते. गृहकर्ज थकल्यावर येणारी नोटीस हा तो कागद होय.

कागद न कळण्याचे दुःख मराठी मुलखाला नवे नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. सही आपली, मजकूर मात्र परक्याचा, ही त्यांची व्यथा होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने असे दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची व्यवस्था केली.

आता २००२ चा सरफेसी कायदा पाहावा. या कायद्यान्वये बँकेला दावा न लावता तारण घराचा ताबा घेता येतो. त्याआधी ६० दिवसांची मागणी-नोटीस द्यावी लागते. त्या अवधीत कर्जदाराने हरकत घेतली आणि ती अमान्य झाली, तर तिची कारणे १५ दिवसांत कळविणे बँकेस भाग आहे. म्हणजे बचावाची पहिली संधी याच दिवसांत असते. तथापि ही नोटीस कर्जदाराच्या भाषेत असावी, असे कायदा सांगत नाही; ती बहुधा इंग्रजीतच येते.

देशी भाषा अवतरते ती मागाहून. ताबा घेतल्यावर सात दिवसांच्या आत दोन प्रमुख वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते. त्यांतील एक देशी भाषेतील असावे लागते. नोटीस चुकविणाऱ्याच्या बाबतीत मागणी-नोटीसही अशीच छापली जाते. निमूटपणे सही करून इंग्रजी पाकीट घेणाऱ्याला मात्र ही सवलत नाही! शिवाय वडोदऱ्यात देशी भाषा म्हणजे गुजराती. मुलाच्या कर्जाला जामीन राहिलेल्या, केवळ मराठी वाचणाऱ्या वृद्ध मातेने काय करावे?

भाषांतराने कायदेशीर अर्थात घोटाळा होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. म्हणून मूळ इंग्रजी नोटीस प्रमाण राहू द्यावी. पण रक्कम किती, मुदत कोणती आणि हरकत कोठे घ्यावी, एवढे सांगणारे एक पान कर्जदाराच्या भाषेत सोबत जोडावे. कर्ज देताना प्रमुख अटींचे पत्रक कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२४ साली सांगितलेच आहे. कर्ज देताना जे साधते, ते घर घेताना का साधू नये?

याच नगरीत श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश सिद्ध झाला. राज्याचा शब्द रयतेला कळला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. तिचा वारसा ग्रंथालयांनीही चालवावा. आठवड्यातून एक सायंकाळ जाणत्या सभासदाने मेज मांडून बसावे आणि आलेल्याला त्याचा कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. ताब्याची कारवाई झाली असली, तरी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यास ४५ दिवस असतात, हेही सांगावे. मात्र पाकीट आल्याच दिवशी फोडले जाईल, तर त्या ६० दिवसांतला एकही दिवस वाया जाणार नाही.