तांब्याची जुनी तार आणि मंदावलेले ब्रॉडबँड

टेलिफोनवर बोलणे नीट ऐकू येते, म्हणजे तार चांगलीच असणार, हा समज जुन्या तारेवरून ब्रॉडबँड घेणाऱ्या घरांमध्ये इतका पक्का असतो, की इंटरनेट रखडू लागले म्हणजे मॉडेम बदलला जातो, संगणक दुरुस्तीला जातो, सेवा देणाऱ्या कंपनीला बोल लावला जातो; मात्र खांबावरून घरात आलेल्या तारेकडे पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. हा समज चुकीचा का आहे, हे त्या तारेवरून काय काय वाहते ते पाहिले की कळते. माणसाचा आवाज पोहोचवण्यासाठी टेलिफोनला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा वारंवारतेचा अरुंद पट्टा पुरतो, आणि तांब्याच्या तारा टाकल्या गेल्या त्या तेवढ्याच कामासाठी. ब्रॉडबँडचे संदेश त्याच तारेवरून, पण सुमारे २५ किलोहर्ट्झपासून ११०४ किलोहर्ट्झपर्यंतच्या आणि नंतरच्या सुधारित पद्धतीत २२०८ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यातून धावतात. आवाजाला जो बिघाड जाणवतही नाही तो या वरच्या पट्ट्यात घातक ठरू शकतो, म्हणून फोनचा स्वच्छ आवाज हा तारेच्या प्रकृतीचा अपुरा पुरावा होय.

ही पद्धत एडीएसएल या नावाने ओळखली जाते. तिच्यात ग्राहकाकडे येणाऱ्या माहितीला मोठा आणि ग्राहकाकडून जाणाऱ्या माहितीला लहान वाटा दिलेला असतो. भारतात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान मर्यादा ठरवली, आणि जानेवारी २००५ मध्ये मुंबई-दिल्लीत महानगर टेलिफोन निगमने व उर्वरित देशात भारत संचार निगमने याच पद्धतीने सेवा सुरू केली. नवी तार न टाकता घरात आधीच असलेल्या फोनवरून इंटरनेट मिळू लागले, ही त्या काळात फार मोठी सोय होती. आता ती मर्यादा २ मेगाबिटवर गेली आहे आणि अनेक ठिकाणी ऑप्टिकल फायबरही पोहोचले आहे. तरीही जुन्या सोसायट्यांमध्ये, तालुक्याच्या गावांमध्ये आणि कोकणातल्या विखुरलेल्या वाड्यांमध्ये जिथे अजून तांब्यावरच भिस्त आहे, तिथे या तारेचे दुखणे समजून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

एडीएसएलचे मॉडेम उपलब्ध पट्ट्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीचे शेकडो बारीक भाग करते. त्यांना उपवाहिन्या म्हणता येईल. मॉडेम सुरू होताच ते आणि टेलिफोन केंद्रातील त्याचे जोडीदार यंत्र, ज्याला डीएसएलॅम म्हणतात, दोघे मिळून प्रत्येक उपवाहिनीची परीक्षा घेतात, आणि जिथे संदेश बळकट व खरखर कमी असेल तिथे एका वेळी जास्तीत जास्त १५ बिट, जिथे स्थिती वाईट असेल तिथे दोन-तीन बिट, आणि जिथे काहीच ऐकू येत नसेल तिथे शून्य बिट असा भार ठरवून देतात. या सगळ्या भारांच्या बेरजेतून जो वेग निघतो त्याला जुळणीचा वेग, तंत्रज्ञांच्या बोलीत सिंक रेट, म्हणतात. या रचनेमुळे खराब तारेवरची सेवा बहुधा एकदम बंद पडत नाही, तर एकेक उपवाहिनी गमावत हळूहळू खंगत जाते, आणि म्हणूनच ग्राहकाला बिघाडाचा दिवस सांगता येत नाही.

मॉडेमच्या अंतर्गत पानावर, जे बहुतेक मॉडेममध्ये ब्राउझरात १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकल्यावर उघडते, या जुळणीच्या वेगाशेजारी आणखी दोन आकडे दिलेले असतात आणि सगळ्या तपासाचा पाया त्यांच्यावर रचता येतो. पहिला आकडा क्षीणनाचा, म्हणजे वाटेत संदेश किती दुबळा झाला याचा, आणि तो डेसिबेलमध्ये मोजतात. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेत ३०० किलोहर्ट्झच्या आसपास दर किलोमीटरला सुमारे १४ डेसिबेल क्षीणन होते, त्यामुळे केंद्रापासून तीन किलोमीटरवरच्या घरात ते ४० च्या पुढे जाते आणि मूळ शक्तीचा दहा हजारावा हिस्सासुद्धा हाती लागत नाही. दुसरा आकडा नॉइज मार्जिनचा. जुळणी टिकून राहण्यासाठी खरखरीच्या वर जेवढे अंतर लागते त्यापेक्षा संदेश आणखी किती वर आहे, ते तो सांगतो. हे मार्जिन साधारणपणे ६ डेसिबेलच्या खाली उतरू लागले की चुका वाढतात आणि जोडणी तुटण्याची शक्यता बळावते. क्षीणन मुख्यतः अंतरावर अवलंबून असल्यामुळे ते फारसे हलत नाही, मार्जिन मात्र हवामान, वेळ आणि आसपासची विजेची उपकरणे यांनुसार चढते-उतरते. ज्या तारेचे क्षीणन स्थिर असूनही मार्जिन डळमळते तिथे बाहेरची खरखर शिरते आहे असे समजावे, आणि जिथे खुद्द क्षीणनच काही महिन्यांत वाढले तिथे एखादा जोड सडतो आहे असा संशय घ्यावा.

जुळणीचा वेग पुरेसा आहे आणि दिवसरात्र तसाच राहतो, तरीही रात्री नऊच्या सुमारास चित्रफीत अडखळते, असे असेल तर दोष तारेचा नसून केंद्रापलीकडच्या जाळ्यावरील गर्दीचा, किंवा घरातील वायफायचा असतो. त्यातला वायफायचा संशय संगणक केबलने थेट मॉडेमला जोडून पाच मिनिटांत दूर करता येतो. वेग मोजताना बिट आणि बाइट यांतली आठपट तफावतही ध्यानात ठेवावी लागते. एडीएसएलवर माहिती ५३ बाइटच्या लहान पुडक्यांतून जाते आणि त्यांतले ५ बाइट नुसत्या पत्त्याचे असतात. इतर वेष्टने धरून एकूण सुमारे सातवा हिस्सा असा खर्ची पडतो. म्हणजे जुळणी २०४८ किलोबिटची असली तरी फाइल उतरताना सेकंदाला सुमारे २२० किलोबाइटच मिळणार, आणि त्याला बिघाड म्हणणे न्यायाचे होणार नाही.

तपासाची सुरुवात घरातूनच व्हावी, कारण तो भाग ग्राहकाच्या ताब्यातला असतो. खांबावरची तार भिंतीवरच्या ज्या पहिल्या डबीत, म्हणजे रोझेटमध्ये, येते तिथून घरातील पुढचे सर्व वायरिंग सोडवून मॉडेम थेट तिथेच लावावे, आणि आधीच्या व आताच्या आकड्यांची तुलना करावी. आकडे ठळकपणे सुधारले तर बाहेरच्या माणसाला बोलावण्याची गरजच उरत नाही. अशा वेळी दोष बहुधा समांतर जोडलेल्या जुन्या एक्स्टेंशनचा निघतो. माजघरात किंवा माडीवर एके काळी दुसरा फोन होता, तो गेला, पण त्याची तार भिंतीत तशीच राहिली. या मोकळ्या टोकाच्या फांदीत शिरलेला संदेश टोकाला आपटून परततो आणि मूळ संदेशाला छेद देतो. सुमारे ५० मीटर लांबीची अशी फांदी १ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या उपवाहिन्या मारते, आणि २५ मीटरची फांदी सुमारे २ मेगाहर्ट्झच्या. जे फोन वापरात आहेत ते स्प्लिटरच्या मागेच हवेत. स्प्लिटर म्हणजे आवाजाचा आणि ब्रॉडबँडचा पट्टा वेगळा काढणारी लहान डबी; एकही फोन तिला वगळून जोडलेला असेल तर रिसीव्हर उचलताच इंटरनेट तुटते.

रोझेटवरही आकडे वाईटच राहिले तर दोष बाहेरच्या तारेत आहे. केंद्रातील मुख्य वाटप चौकटीवरून निघालेली तांब्याची जोडी जमिनीखालच्या केबलमधून रस्त्याकडेच्या पिलरमध्ये, तिथून खांबावरच्या किंवा इमारतीच्या भिंतीवरच्या डीपी बॉक्समध्ये आणि तिथून शेवटच्या तारेने घरात येते, आणि या प्रत्येक मुक्कामी, शिवाय मधल्या प्रत्येक दुरुस्तीच्या जागी, एकेक जोड असतो. दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेण्याची युक्ती ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्येच पेटंट केली होती. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला त्यांतला फरकच मोजला जात असल्यामुळे तो वजा होऊन जातो, हे त्या युक्तीचे मर्म आहे. पण दोन तारांपैकी एकीच्याच जोडावर गंज चढला की हा समतोल बिघडतो, आणि तीच जोडी लांबलचक अँटेनासारखी वागू लागते.

पावसाळ्यात हे दुखणे उफाळते. जुन्या केबलींमध्ये तारांभोवती कागदाचे वेष्टन आणि त्यावर शिशाचे आवरण असे. आवरणाला चीर गेली की कागद पाणी पितो आणि शेजारच्या जोड्या एकमेकींत बोलू लागतात. नंतरच्या केबलींत पॉलिथिनचे वेष्टन आणि पाणी अडवणारी जेली आली, तरी हाताने पिळून काळी टेप गुंडाळलेला खांबावरचा जोड जूनच्या पहिल्या सरीपासून ऑक्टोबरपर्यंत भिजतच राहतो. गंजलेल्या जोडाचा रोध वाढतो, पण तो सारखा राहत नाही: केंद्रातील उणे ४८ व्होल्टची बॅटरी त्यावर थोडाफार प्रवाह ढकलते, आणि फोन वाजताना सुमारे ७५ ते ९० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब आला की गंजाचा थर क्षणभर भेदला जातो. त्यामुळे फोन वाजला किंवा उचलला की इंटरनेट तुटते, किंवा उलट काही काळ ते सुधारते. स्प्लिटर योग्य असूनही असे होत असेल तर ते अशा जोडाचे खात्रीशीर म्हणावे असे लक्षण आहे. याहून चमत्कारिक वाटणारा प्रकार म्हणजे फोन पूर्ण मुका, पण इंटरनेट मात्र रडतखडत चालू. जोडीतील एक तार तुटलेली असते. फोनला लागणारा एकदिश प्रवाह तिथे थांबतो, पण उच्च वारंवारतेचा संदेश तुटलेल्या टोकांमधून आणि शेजारच्या तारांच्या आधाराने कसाबसा पलीकडे झिरपतो. अशा वेळी ‘नेट चालू आहे’ म्हणून तक्रार पुढे ढकलू नये.

रेडिओच्या श्रोत्यांना जवळचा वाटेल असा आणखी एक उपद्रव आहे. मध्यमलहरींवरील प्रक्षेपण सुमारे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात होते आणि तो ब्रॉडबँडच्या पट्ट्यात येतो. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झ ही वारंवारता एडीएसएलच्या १८४ व्या उपवाहिनीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. समतोल बिघडलेल्या तारेवर प्रक्षेपकाच्या आसपासच्या भागात तेवढ्या दोन-चार उपवाहिन्या रिकाम्या दिसल्या तर नवल नाही. एकूण वेगात त्याने फारसा फरक पडत नाही. रात्रीचे मात्र वेगळे आहे: सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या स्तरातील मध्यमलहरी शोषणारा थर विरतो, दूरदूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात आणि खराब तारेवरचे मार्जिन उतरते. दुपारी चांगल्या स्थितीत जुळलेले मॉडेम रात्री ते सहन न होऊन तुटते आणि कमी वेगावर पुन्हा जुळते. गर्दीमुळे येणारा रात्रीचा संथपणा आणि हा संथपणा यांतला फरक जुळणीचा आकडाच सांगतो, कारण गर्दीत तो हलत नाही.

विजेची उपकरणे तर याहून उपद्रवी. वेल्समधील पोइस परगण्यातील अबरहोसन या खेड्यात तब्बल १८ महिने रोज सकाळी सातच्या सुमारास सगळ्या गावाचे ब्रॉडबँड कोलमडत असे. केबलचे मोठे भाग बदलूनही गुण आला नाही. शेवटी अभियंत्यांनी पहाटे सहापासून पावसात वारंवारता-विश्लेषक घेऊन गावभर फिरून शोध घेतला तेव्हा एका घरातील जुना दूरचित्रवाणी संच सुरू होताच उपद्रव उसळतो असे आढळले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ही हकिकत जगभर छापून आली. असे महागडे यंत्र नसले तरी सामान्य घरात तेच काम मध्यमलहरींच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर होते. काटा कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी, साधारण ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, न्यावा आणि संच हातात घेऊन मॉडेमपासून चार्जर, एलईडी दिवे, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर यांच्याजवळून फिरावे; जिथे गुरगुर एकदम वाढते ते उपकरण बंद करून मॉडेमचे मार्जिन पुन्हा पाहावे.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ एवढेच न सांगता रोझेटवर घेतलेले जुळणीचा वेग, क्षीणन आणि मार्जिन हे आकडे, ते घेतल्याच्या वेळांसह, आणि फोन वाजताना काय होते ते, सांगितले तर लाइनमनला खांबावर चढण्याआधीच अर्धे निदान हाती येते. केबलमध्ये चांगली मोकळी जोडी असेल तर डीपीपासून पिलरपर्यंत जोडी बदलून देणे हा पुष्कळदा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ इलाज असतो, आणि ग्राहकाने तो नाव घेऊन मागावा. मोकळी जोडी नसेल, तर कमाल वेग थोडा खाली बांधून मार्जिन वाढवून घेता येते. कागदावरचा वेग उतरतो, पण दिवसातून दहादा तुटणारी जोडणी टिकू लागते. क्षीणन ६० डेसिबेलच्या पलीकडे असेल आणि तरीही सगळे जोड ठीक असतील, तर घरात किंवा खांबावर करण्यासारखे काही उरत नाही. केंद्रापासूनचे अंतर हेच तिथे कारण असते, आणि तांब्याची लांबी कमी करणे, म्हणजे पिलरपर्यंत किंवा घरापर्यंत फायबर आणणे, हीच मागणी तिथे करावी लागते. अशी मागणी एकट्या घरापेक्षा त्याच डीपीवरच्या सगळ्या घरांनी आपापले आकडे जोडून एका अर्जात केली, तर दोष एका तारेचा नसून पूर्ण केबलचा आहे हे कार्यालयाला कागदावरच दिसते.