गंगाराम कांबळ्यांचा चहा आणि आपली उधारीची वही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीनं मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी काही प्राध्यापक नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि मी जिनिंगवर लागलो. पुढचं जे काही शिकलो ते ह्याच विहाराच्या लोखंडी कपाटातल्या पुस्तकांवर शिकलो. तेव्हा बोलण्यात काही उणंअधिक झालं तर पोटात घाला.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी संविधानावर, शिक्षणावर फार चांगले विचार मांडले. मी आज एका लहान विषयावर बोलणार आहे. विषय आहे आपल्या गल्लीच्या तोंडावरचं किराणा दुकान. काही जण हसले. हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

आपला परभणी जिल्हा कापसाचा. मानवत, सेलू, परभणी, कुठंही जा, जिनिंगची धुराडी आणि सरकीचे ढीग दिसतात. दसरा-दिवाळीनंतर कापूस आला की रेचे सुरू होतात. उन्हाळ्याच्या तोंडी कापूस संपतो आणि रेचेही थांबतात. मग आमच्यासारख्यांनी चार-सहा महिने काय करायचं? कोणी हमाली करतो, कोणी बिगारी, कोणी पुण्या-मुंबईची गाडी धरतो. त्या दिवसांत घरातली चूल कशावर पेटते? ती दुकानदाराच्या वहीवर पेटते. तुमच्या घरात आणि माझ्या घरात पावसाळ्यातली भाकरी उधारीवरच भाजली जाते, हे लपवण्यात अर्थ नाही.

ज्या दुकानदाराबद्दल बोलतोय तो आज ह्या मंडपातच मागं बसलेला आहे. त्याचं नाव मी घेणार नाही, त्याला संकोच वाटेल. त्याची जातही सांगणार नाही. का, ते पुढं येईल. एवढंच सांगतो, त्याच्या तराजूवर अजून कोणी बोट ठेवलेलं नाही. डाळीत खडा असला तर "मावशी, ह्या खेपेची डाळ बरी नाही, आठवडाभर थांबा" असं तो आपण होऊन सांगतो. एखाद्या विधवा बाईच्या पानाची बेरीज तो चार लोकांत मोठ्यानं वाचत नाही. २०२० साली टाळेबंदी लागली, कामं बंद, बाजार बंद. तेव्हा आठवा, कोणाच्या दुकानातून पीठ आणि तेल आलं? मोठ्या दुकानदारानं आपल्याला ओळख तरी दाखवली असती का?

आता त्या दुकानाच्या फळ्या रिकाम्या दिसायला लागल्यात. साखरेचं पोतं होतं तिथं आता दहा किलोची पिशवी असते. परवा मी विचारलं, तर म्हणाला, "काका, दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर शटर ओढतो." मी म्हटलं, "धंदा होत नाही का?" तो म्हणाला, "धंदा होतो, वसुली होत नाही." आणि त्यानं वही पुढं केली नाही. वहीत माझंही पान होतं, म्हणून केली नाही. ही त्याची माणुसकी. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

आता मी तुम्हाला कोल्हापूरला नेतो.

राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे मोतद्दार होते, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे. महाराज दिल्लीला गेलेले असताना, स्पृश्य नोकरांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून गंगारामांना बेदम मारहाण झाली. महाराज परत आल्यावर गंगाराम त्यांच्यापुढं उभे राहिले आणि पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चाकरीत राहिला तर हा माणूस पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली राहणार, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं आणि त्यासाठी पैशाची मदतही केली.

गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. बांधवांनो, त्या काळी महाराच्या हातचा चहा! दुकान स्वच्छ, चहा चांगला, मालक कष्टाळू. सगळं होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. लोक दुकानावरून जायचे आणि नाक मुरडायचे. विटाळ होईल म्हणून शेजारून जायलाही कचरायचे.

इथं थोडं थांबा. भांडवल मिळालं होतं, जागा मिळाली होती, राजाचा आशीर्वाद होता. तरी धंदा बुडायच्या वाटेला लागला होता. एकाच गोष्टीची कमी होती, दारात येऊन "एक चहा द्या" म्हणणाऱ्या माणसाची.

महाराजांच्या कानावर हे गेलं. मग त्यांनी काय केलं? हुकूम काढला का, की गंगारामाकडं चहा प्या म्हणून? महाराज हुकूम काढायला कचरणारे नव्हते. १९१९ साली त्यांनी शाळा, दवाखाने, सार्वजनिक जागा इथं अस्पृश्यता पाळायची नाही असे हुकूम काढले होते. पण हुकमानं शाळेचं दार उघडता येतं, चहाची कपबशी कोणाच्या ओठाला लावता येत नाही. म्हणून महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले. कोल्हापुरात फेरफटका मारताना ते आपली गाडी गंगारामांच्या हॉटेलासमोर उभी करायचे, चहा मागवायचे, भर रस्त्यात सगळ्यांदेखत प्यायचे आणि गाडीत बरोबर असतील त्या बड्या मंडळींनाही पाजायचे. राजा पितो म्हटल्यावर सरदार नाही कसं म्हणतील? कामासाठी सही मागायला येणाऱ्यालाही महाराज गंगारामांच्या हॉटेलावर बोलवायचे, असं कोल्हापुरात सांगतात.

आणखी एक गोष्ट सांगतात. महाराजांनी गंगारामांना विचारलं, पाटीवर तू आपली जात का लिहिली नाहीस? गंगारामांचं म्हणणं पडलं की दुकानाच्या पाटीवर जात लिहायची गरजच काय. हेच मला आज पाहिजे होतं. म्हणून मी मघाशी आपल्या दुकानदाराची जात सांगितली नाही. चहा चांगला आहे का, माप पुरं आहे का, एवढंच गिऱ्हाइकानं बघायचं असतं.

गंगाराम ते विसरले नाहीत. ६ मे १९२२ रोजी महाराजांचं निधन झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२५ साली, कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचं पहिलं स्मारक उभं राहिलं. ते कोणत्या सरदारानं किंवा सावकारानं उभारलं नाही. त्यासाठी पुढाकार घेतला तो ह्याच चहावाल्या गंगाराम कांबळ्यांनी आणि आपल्या समाजाच्या लोकांनी. गिऱ्हाइकानं दुकानदाराला जगवलं आणि दुकानदारानं गिऱ्हाइकाची आठवण जगवली.

आता उलटी बाजू ऐका. स्वतः बाबासाहेबांवर काय वेळ आली? कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून ते १९१७ साली परत आले. बडोद्याच्या नोकरीत जातीमुळं राहायला घर मिळालं नाही, म्हणून मुंबईला आले. पोटासाठी त्यांनी शेअर-बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित! सुरुवातीला लोक येऊ लागले. मग सल्ला देणारा महार आहे हे कळलं आणि लोक यायचे बंद झाले. पेढी बंद करावी लागली. सल्ला खोटा होता का? नाही. गंगारामांसारखंच झालं. फरक एवढाच, की त्या पेढीपुढं गाडी उभी करणारं कोणी नव्हतं.

हे दुसऱ्यांनी आपल्याशी केलं. महाडलाही तेच. १९२७ च्या डिसेंबरात सत्याग्रह परिषदेच्या वेळी गावातल्या व्यापाऱ्यांनी असहकार केला आणि धान्य-सामान बाहेरून आणावं लागलं. दुकान बंद करून माणसाला कसं नमवतात, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

पण एक ठिकाण असं आहे जिथं गिऱ्हाईक आपणच होतो. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. स्वतः रात्र रात्र बसून रकानेच्या रकाने लिहायचे. पैशाची चणचण होती, पुरेसे वर्गणीदार मिळेनात. बाबासाहेबांना आपल्याच लोकांपुढं मदतीसाठी लिहावं लागलं. शेवटी १५ नोव्हेंबर १९२९ ला ते पत्र बंद पडलं. आपले लोक गरीब होते, वाचता येणारे थोडे होते, हे खरं. पण सभेत टाळ्या वाजवणारे हात जेवढे होते, तेवढे वर्गणीचे हात नव्हते, हेही खरं. टाळीला पैसा लागत नाही, बांधवांनो.

भन्तेजी इथं आहेत म्हणून एक जातक सांगतो, चुकलं तर त्यांनी दुरुस्त करावं. सेरिवाणिज जातकात दोन फेरीवाले आहेत. एका पडत्या घरात आजी आणि नात राहतात. घरात एक जुनी काळवंडलेली थाळी आहे, ती सोन्याची आहे हे त्यांना ठाऊक नाही. पहिला फेरीवाला सुईनं रेघ ओढून बघतो, सोनं ओळखतो आणि फुकटात मिळावी म्हणून थाळी फेकून देतो, म्हणतो ह्याची किंमत अर्धा मासाही नाही. दुसरा येतो आणि सरळ सांगतो, माय, ही लाखमोलाची आहे, एवढा पैसा माझ्याकडं नाही. आजी म्हणते, तुझ्या पायगुणानं सोनं झालं, जमेल ते दे आणि घेऊन जा. तो जवळचा सगळा पैसा आणि सगळा माल देतो. वाटखर्चाला आठ नाणी, तराजू आणि पिशवी तेवढी ठेवून घेतो. पहिला फेरीवाला परत येतो तेव्हा आजी त्याला दारातूनच वाटेला लावते.

ही गोष्ट सांगताना आपण फेरीवाल्याचा प्रामाणिकपणा सांगतो आणि आजीला विसरतो. आजी गरीब होती, पण खरा कोण आणि लबाड कोण हे तिनं ओळखलं, आणि खऱ्याच्या पदरात माल टाकला. गिऱ्हाइकाचाही एक धर्म असतो, तो आजीनं पाळला.

आपण काय करतो? हातात पगार आला, की शहरातल्या मोठ्या दुकानात जातो, थंड हवेत ढकलगाडी फिरवतो आणि रोख मोजून येतो. महिना सरत आला की लेकराला पिशवी देऊन गल्लीच्या दुकानात पाठवतो, "लिहून ठेवा म्हणावं." रोख तिकडं आणि उधार इकडं! दुकानदाराला मात्र ठोक व्यापारी उधार देत नाही, त्याला तिथं रोखच मोजावी लागते. मग फळ्या रिकाम्या होतील नाहीतर काय होईल?

हे मी तुम्हाला सांगतोय, पण गुन्हेगार मी पहिला. पोरीच्या लग्नाचा सगळा किराणा मी शहरातून रोखीनं आणला, पोत्यामागं थोडे पैसे वाचतात म्हणून. त्याच वेळी ह्या दुकानात माझं पावसाळ्यापासूनचं पान तसंच पडून होतं. तो लग्नाला आला, आहेर केला, जेवला आणि एका शब्दानं बोलला नाही. त्यानं बोलायला पाहिजे होतं, असं मला आज वाटतं. परवा मी ते पान मिटवलं. एका खेपेला जमलं नाही, दोन खेपा लागल्या. मिटवलं म्हणून मोठेपणा सांगत नाही, उशीर केला म्हणून सांगतोय.

माझं मागणं मोठं नाही. ज्याचं पान आहे त्यानं ह्या हंगामाचा पहिला पगार झाला की थोडं तरी वहीत भरावं, पन्नास रुपये का होईनात. महिन्याच्या बाजारातला मीठ, तेल, साखर एवढा तरी माल इथून रोखीनं घ्यावा. दोन रुपये जास्त पडले तर समजा, पावसाळ्यातल्या उधारीचे पडले. आणि कधी माप कमी भरलं, माल खराब निघाला, तर मागं बोलू नका, तोंडावर सांगा. चूक पोटात घातली तर दुकानदार बिघडतो. आपल्याला खऱ्या माणसाला जगवायचंय, आंधळेपणानं कोणाला डोक्यावर घ्यायचं नाही.

समितीनं माझी एक विनंती मान्य केली, त्यांचे आभार मानतो. आजच्या खीरदानाचा तांदूळ, साखर आणि मेणबत्त्या ह्याच दुकानातून रोख पैसे देऊन घेतल्यात. खीर तुम्ही खाल तेव्हा कळेल, माल कसा आहे.

शाहू महाराजांकडं खजिना होता, तरी गंगारामांच्या कामी आला तो त्यांचा एक कप चहा. आपल्याकडं खजिना नाही. पण रोज सकाळी लागणारी साखर आणि चहापत्ती तर प्रत्येक घरात लागते. उद्या सकाळी ती कुठून आणायची, एवढंच ठरवून घरी जा.

माझे दोन शब्द संपवतो. जयभीम. नमो बुद्धाय.