वळणावरची खडी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड., किहीम



चिटणीस साहेबांनी मला ‘विद्यार्थी आणि शिस्त’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली होती. त्यांची क्षमा मागून मी विषय थोडा वळवून घेतो. शिस्तीवर आम्ही शिक्षक वर्षभर बोलतच असतो आणि विद्यार्थी ते वर्षभर ऐकतच असतात. आज मी माझ्या एका पडण्याची हकीकत सांगणार आहे. ही हकीकत एका विद्यार्थ्याखेरीज मी आजवर कोणालाही खरी सांगितलेली नाही. माझी पत्नी समोर बसलेली आहे. तिलाही ती आजच कळेल. घरी गेल्यावर काय व्हायचे ते होईल.

वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत मी सायकल आणि एस. टी. यांवर भागवले. पुढे संसार वाढला, धावपळ वाढली, तेव्हा एक जुनी मोटारसायकल घेतली. शिकाऊ लायसन्स काढले. माझ्या मेहुण्यांनी चार संध्याकाळी मैदानावर मला धडे दिले. क्लच कसा सोडावा, गिअर कसा बदलावा, हे जमले. सरळ जाता येऊ लागले आणि मला वाटले, शिकलो! मित्रहो, मैदानात वळण आपण ठरवतो. रस्त्यावर वळण रस्ता ठरवतो. हा फरक मला मैदानावर कळला नाही.

नोव्हेंबर महिना होता. शनिवारची सकाळची शाळा, आणि मला उशीर झालेला. किहीमहून चोंढी नाक्याकडे निघालो. वाटेत एका वाडीच्या गडग्याला लागून रस्ता डावीकडे वळतो. पावसाळ्यानंतर तेथे खड्डे बुजवलेले होते आणि उरलेली बारीक खडी वळणावर पसरलेली होती. काटा चाळिसाच्या आसपास होता. वळणात शिरल्यावर मला खडी दिसली. घाबरून मी समोरच्या गडग्याकडे पाहिले आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढे काय झाले हे सांगायला एका सेकंदाहून जास्त वेळ लागेल, घडायला तेवढाही लागला नाही. पुढचे चाक सरकले, गाडी एका अंगावर आडवी झाली आणि मी तिच्याबरोबर घसरत गडग्याच्या हातभर अलीकडे थांबलो. गुडघा आणि कोपर सोलवटले, पॅन्ट फाटली, क्लचची दांडी वाकली. हेल्मेट होते, पण ते आरशाला अडकवलेले होते. आरसा वाचला. माझे डोके वाचले ते केवळ नशिबाने.

इथपर्यंतची गोष्ट साधी आहे. शिकणारा माणूस पडतो. खरी चूक मी त्यानंतर केली. शाळेत पोहोचलो तेव्हा मुलांनी विचारले, “सर, काय झालं?” वर्गात रोज ‘खरे बोला’ सांगणारा मी बोलून गेलो, “काही नाही रे, कुत्रं आडवं आलं.” मुख्याध्यापकांना तेच सांगितले, घरी तेच सांगितले. कुत्र्यावर ठपका ठेवण्यात एक सोय असते, कुत्रे उत्तर द्यायला येत नाही. माझी अब्रू राहिली. मात्र त्या वळणावर खडी आहे, ही गोष्ट माझ्याखेरीज कोणाला कळली नाही.

तीन महिने गेले. फेब्रुवारीत दहावीचा एक विद्यार्थी उजवा हात गळ्यात बांधून शाळेत आला. मनगटाचे हाड मोडलेले. चुलत्याची मोटारसायकल घेऊन तो निघाला होता. लायसन्स असण्याचे त्याचे वयच नव्हते. मी विचारले, “कसा पडलास?” तो खाली मान घालून म्हणाला, “सर, तुमच्यासारखंच. कुत्रं आडवं आलं.”

मी त्याला बाजूला नेले आणि विचारले, “कुठल्या वळणावर?” त्याने सांगितले. तेच वळण. तीच खडी. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या गुडघ्याची जखम केव्हाच भरून आली होती; पण दुसरीच एक जखम उघडी पडली. माझे खोटे त्याने शिकून घेतले होते, आणि माझे खरे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. दहावीची परीक्षा त्याने लेखनिक घेऊन दिली. ज्या मुलाचा भूमितीच्या आकृत्यांत हात धरणारा वर्गात कोणी नव्हता, त्याला आपल्या आकृत्या दुसऱ्याला तोंडी सांगून काढून घ्याव्या लागल्या. त्या दिवशी मी त्याला माझी खरी हकीकत सांगितली. नंतर आम्ही काही जणांनी फावडी-खराटे घेऊन ती खडी बाजूला केली. अर्ध्या तासाचे काम होते. तीन महिने आधी झाले असते तर? आज तो कॉलेजात शिकतो. त्याच्या परवानगीने हे सांगतो आहे. नाव मात्र सांगणार नाही.

आता त्या वळणावर प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. ‘खडी होती म्हणून पडलो’ हे उत्तर मी परीक्षेत तपासले तर अर्धाच गुण देईन. वळताना गाडीला आत खेचणारे बल लागते, आणि ते टायर व रस्ता यांच्या घर्षणातून मिळते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की बल चौपट लागते. समजा वळणाची त्रिज्या १५ मीटर आहे. ताशी २० किलोमीटर वेगाला गाडी आणि स्वार यांच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश बल पुरते. ३० ला जवळजवळ निम्मे लागते. ४० ला चार पंचमांशांहूनही जास्त. कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षण साधारण तेवढेच, म्हणजे सात-आठ दशांश मिळते; मोकळ्या खडीवर ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. कारण टायर रस्त्याला धरत नाही, खड्यांवरून घरंगळतो. म्हणजे मी वळणात शिरलो तेव्हाच हिशेब चुकलेला होता. खडीने फक्त तो हिशेब तपासला.

त्यात मी ब्रेक दाबला. टायरजवळ असलेले घर्षण म्हणजे महिन्याचा पगार समजा. तो वळण्यावर खर्च करा किंवा थांबण्यावर. सगळा वळण्यावर खर्च झाला असेल तर ब्रेकसाठी उधार कोणी देत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. गिअर खाली घ्यायचा तोही आधीच. वळणात हात स्थिर ठेवायचा. नजर जिथे जायचे आहे तिथे, म्हणजे वळणाच्या पलीकडच्या टोकाला. मी गडग्याकडे पाहिले म्हणून गडग्याकडे गेलो. अचानक खडी आलीच तर गाडी जमेल तितकी उभी करावी, पुढच्या ब्रेकला झटका देऊ नये आणि मागचा ब्रेक हलक्या पायाने लावावा. आणखी एक गोष्ट. गाड्यांची चाके नेहमी ठरावीक पट्ट्यांवरून जातात, त्या पट्ट्या साफ राहतात आणि खडी मधे व कडेला साठते. समोरून कोणी येत नसेल याची खात्री करून, आपल्या बाजूच्या साफ पट्टीवरून जावे. हे सारे मैदानावरच, कमी वेगात, पुन्हा पुन्हा गिरवता येते. मी ते पडल्यानंतर गिरवले.

आपल्या किहीमशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्यांची येथे आठवण होते. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७). १९३० साली ते जर्मनीत शिकून परत आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी राहिली नव्हती. हाताला काम नाही, अशा स्थितीत ते किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिच्यासमोर ते दिवसामागून दिवस बसले आणि १९३१ मध्ये त्यांचा या पक्ष्यांवरील लेख प्रसिद्ध झाला. आपण ज्याला ‘सुगरण’ म्हणतो त्याचे घरटे विणतो तो नर. अर्धे घरटे विणून झाले की मादी येऊन ते तपासते. पसंत पडले तर नर ते पुरे करतो आणि मग दुसरे घरटे बांधायला घेतो. पसंत पडले नाही तर ते तसेच लोंबकळत राहते. तो नव्याने विणायला लागतो. आपल्या वाड्यांत माडांवर अशी अर्धवट घरटी लोंबताना तुम्ही पाहिली असतील. ती लपवून ठेवण्याची सोय त्या पक्ष्याजवळ नाही. तशी गरजही त्याला वाटत नाही.

पण हेच सालिम अली मोटारसायकलींचे मोठे शौकीन होते, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९५० साली स्वीडनमधील उपसाला येथे पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल मुंबईहून बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावरून तेथे प्रवास केला. फ्रान्समध्ये एका छोट्या अपघातात त्यांना इजा झाली. जर्मनीतल्या दगडी फरसबंद रस्त्यांवर ते अनेकदा घसरून पडले. सामानाने लादलेल्या गाडीवरून ते उपसाल्याला पोहोचले, तेव्हा हे गृहस्थ थेट हिंदुस्थानातून मोटारसायकलीने आले अशी तेथे आवई उठली. पस्तीस वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पद्मभूषण, पद्मविभूषण मिळालेल्या माणसाचे पडणे जगाला ठाऊक आहे आणि त्यामुळे त्यांचे मोठेपण तिळभरही कमी झालेले नाही. मी मात्र एका गुडघ्यासाठी कुत्रे शोधले!

पालकांना हात जोडून दोन गोष्टी सांगतो. पहिली कायद्याची. गिअरची मोटारसायकल चालवण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. दहावी पास झाल्याचे बक्षीस म्हणून गाडीची किल्ली देणारे बाप मी पाहिले आहेत. बाबांनो, त्या किल्लीबरोबर आपण मुलाच्या हाती आणखी काय देतो, याचा विचार करा. द्यायचेच तर योग्य वयात द्या. आणि किल्लीच्या आधी आय. एस. आय. मार्कचे हेल्मेट द्या. पट्टा हनुवटीखाली आवळलेला असेल तरच ते हेल्मेट. एरवी ती आरशाची टोपी.

दुसरी गोष्ट कायद्यात नाही. मूल सोलवटलेला गुडघा घेऊन घरी आले की आपला पहिला शब्द काय असतो? “गाडीला काय झालं?” असा, की “तुला कुठं लागलं?” असा? पहिला शब्द थप्पड असेल तर दुसऱ्या वेळी मूल कुत्र्याला पुढे करील. मग त्याची चूक आपल्याला कधीच दिसणार नाही आणि जी चूक दिसत नाही ती दुरुस्त कशी होणार? मी शिक्षकांनाही हेच म्हणतो, आणि स्वतःला सर्वांच्या आधी. वहीतल्या चुकीखाली आम्ही लाल रेघ ओढतो ती मुलाला पुढच्या वेळी रस्ता दिसावा म्हणून. त्या लाल रेघेची भीती वाटून मुलाने चूकच खोडून टाकली, तर ती रेघ वाया गेली.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पडाल. गाडीवरून नाही तर गणितात, नोकरीच्या मुलाखतीत, व्यापारात पडाल. पडल्यावर आधी धूळ झटका, जखम धुवा आणि मग शांतपणे स्वतःला विचारा: माझा वेग किती होता? मी कुठे पाहत होतो? ब्रेक केव्हा दाबला? उत्तर मिळाले की ते मागून येणाऱ्याला मोठ्याने सांगा, कारण त्याचे वळण तेच आहे.

मी जे तीन महिने गप्प राहिलो, त्याची भरपाई या भाषणाने होत नाही, हे मी जाणतो. पण समारंभ संपल्यावर तुमच्यापैकी बरेच जण याच रस्त्यांनी घरी जाल. या पावसाळ्यानंतर त्या वळणावर पुन्हा थोडी खडी जमली आहे. काल मी पाहून आलो. उद्या सकाळी सात वाजता मी खराटा घेऊन तिथे जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे. तोपर्यंत गाडी सरळ आहे तोवरच वेग कमी करा.