रानातल्या चार बहिणी



आम्ही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण मजुरांच्या सभांत झाले. मग भाषेवर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? आमच्याच एका चुकीने.

राजुरा-जिवतीकडे तेंदूपानांच्या हंगामात आम्ही कोलाम मजुरांपुढे तासभर मराठीतून बोललो. संपासाठी सर्वांनी हात वर केले. आम्ही खूष! सभा उठल्यावर एका म्हातारीने नातवाकरवी विचारले, "दादा, बाईचा हिशेब येगळा धराल का नाही?" पुडकी बायका बांधीत, पैसे पुरुषाच्या नावे पडत. आमच्या भाषणात त्याचा शब्दही नव्हता. मौनाला आम्ही संमती समजलो होतो.

पुढे कळले, की तिच्या कोलामी भाषेत हा हिशेब वेगळाच आहे. दोन पुरुष 'इद्दर', दोन बाया 'ईरल', दोन वस्तू 'इंदिंग'. आपण मराठीत दोघे, दोघी, दोन म्हणतो, तसेच!

द्राविड कुळाच्या मधल्या शाखेत कोलामी, चंद्रपूरची नायकी, बस्तरची परजी आणि ओडिशा-आंध्राकडील गदबा या चार बहिणी येतात. कोलामीवर एमेनो यांचा ग्रंथ १९५५ साली अमेरिकेत निघाला. आम्ही मात्र तिच्या शेजारी राहून तिला गोंडीच समजत होतो! २०११ च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सुमारे १ लाख २८ हजार भरले. नायकीला भाषांच्या त्या यादीत स्वतंत्र ओळदेखील नाही. १० हजारांहून कमी माणसांची भाषा प्रसिद्ध तक्त्यांत वेगळी दाखवीत नाहीत.

भाषा म्हातारपणाने मरत नाही. शाळा, रेशन, मजुरी यांपैकी काहीच तिच्यातून मिळेनासे झाले, की आईच ती लेकराला द्यायची थांबते. दक्षिण अमेरिकेच्या रानांत रबराच्या व्यापाऱ्यांनी आदिवासींना वेठीला धरले. तेथेही माणसांबरोबर लहान लहान भाषाकुळे उजाड झाली.

कोणी म्हणेल, मराठी शिकल्यावाचून त्यांचे पोट भरेल काय? शिकू द्या, शिकलीच पाहिजे. पण नवी भाकरी देताना जुनी चूल कशाला मोडायची?

आम्ही आता एक नियम केला आहे. ठराव आधी कोलामीतून सांगायचा, शंका त्याच भाषेत ऐकायच्या, आणि मगच हात मोजायचे. सभा लांबते, पण त्या म्हातारीचा प्रश्न आता सभा उठण्यापूर्वी येतो.