घरचा पाव आणि कृष्णाकाठचा गहूं
(सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं पावावर व्याख्यान, हें ऐकून कित्येकांस हंसूं आलें असेल. पाव बेकरींतून आणावयाचा आणि भाकरी घरीं थापावयाची, ही वांटणी सातारा-सांगलीकडे इतकी पक्की झाली आहे कीं, पाव घरीं भाजतां येतो हें पुष्कळांस ठाऊकच नाहीं. या वांटणीमागें एक इतिहास आहे, आणि तो आम्हां ख्रिस्ती लोकांशीं निगडित आहे.

'पाव' हा शब्द पोर्तुगिजांचा. १५१० सालीं त्यांनीं गोवा घेतला आणि त्यांच्या मागोमाग फुगविलेली गव्हाची रोटी तेथें आली. खमिराच्या जागीं माडाची ताजी सुर घालून कणीक आंबविण्यांत येऊं लागली. उंडो, कातरे पाव, कोंड्याची पोई हे सारे त्याच भट्टीचे प्रकार. पुढें मराठी मुलुखांत पाव खाणें म्हणजे बाटणें अशी समजूत रूढ झाली. विहिरींत पाव टाकून गांव बाटविल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलों. १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा निघाली, तींत प्रवेश करणारास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. जातिभेद सोडल्याची ती खूण. १८९० सालीं पुण्याच्या पंच हौद मिशनांत (तें अँग्लिकन लोकांचें, आपलें नव्हे) न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक आदि मंडळींपुढें चहाबिस्किटें आलीं, आणि त्या एका पेल्यापायीं केवढें ग्रामण्य माजलें! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. आज साताऱ्याच्या एस. टी. स्थानकाबाहेर मिसळीबरोबर पाव मागणारास कोणी जात विचारीत नाहीं. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु जो पाव खाल्ल्यानें माणूस बाटतो असें म्हणत, तो अखेर आमच्या ताटांत आला तो निःसत्त्व, पांढरा, कापसासारखा होऊन. आणि त्याची विद्या मात्र घरांत शिरलीच नाहीं. माझी तक्रार ही आहे.

वास्तविक ही विद्या मूळची घरचीच. प्रभूनें खमिराचा दृष्टान्त सांगितला तो भट्टीवाल्याचा नव्हे, एका स्त्रीचा. आणि ती तीन मापें पीठ घेते, तें वीस लिटरांहून अधिक भरतें. बाई गांवजेवणाच्या तयारींत असावी! वेदीवरची भाकर आपल्या लॅटिन विधींत बिनखमिराची, निव्वळ गव्हाची असते. केरळांतील सिरियन ख्रिस्ती कुटुंबांत पुण्य गुरुवारीं तांदूळ व उडीद यांचा बिनखमिराचा पेसहा अप्पम घरींच करितात आणि घरांतील वडील माणूस तो मोडून सर्वांस वांटतो. म्हणजे आंबलेली असो वा न आंबलेली, रोटी करण्याचें स्थान घर हेंच होतें.

"पण आंबविलेली रोटी आपली नव्हे," असें कोणी म्हणेल. मग आंबील कोणाची? आंबोळी कोणाची? सुदान देशांत ज्वारीचें पीठ आंबवून किसरा नांवाची पातळ रोटी करितात. इथियोपियांत टेफ नांवाच्या बारीक धान्याची इंजेरा तशीच होते. जर्मनीकडे राय धान्याचा काळा पाव आंबटाशिवाय साधत नाहीं, कारण आंबटपणा नसेल तर त्याचा गाभा चिकट राहतो. धान्य पाहून रोटीचा आकार ठरतो. ज्वारींत ग्लुटेन नाहीं. म्हणून आधणाचें पाणी घालून विरी आणावी लागते, आणि ती फुगली तरी पापुद्र्यापुरतीच. गव्हांत तो चिवट पदार्थ असल्यानें आंबतांना निघणारा वायु कणकेंत कोंडून राहतो आणि पाव उंच होतो.

या दोहोंच्या मधला आपला खपली गहूं. कृष्णेच्या खोऱ्यांत, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत तो पूर्वापार आहे. याचें टरफल मळणींत सुटत नाहीं, कांडावें लागतें. फेरोंच्या मिसर देशांत मुख्य गहूं याच जातीचा होता. इस्राएल लोक न आंबलेली कणीक खांद्यावर घेऊन निघाले ती याचीच असावी, असें मला वाटतें. १९६० नंतर अधिक उतारा देणारे गहूं आले, ऊंस वाढला, आणि खपली खिरीपुरती उरली. तिचें ग्लुटेन दुबळें, म्हणून नुसत्या खपलीचा पाव बसका होतो. पण साध्या कणकेंत मिसळली तर जो खरपूस गोडवा येतो, तो मैद्याच्या पावांत शोधून सांपडणार नाहीं.

आतां कृति सांगतों. चिनी मातीच्या बरणींत ५० ग्रॅम कणीक तितक्याच पाण्यांत कालवावी. रोज निम्मी काढून तेवढीच ताजी कणीक व पाणी घालावें. आठवड्याभरांत तें आंबवण बुडबुडे देऊन फुगूं लागतें. मग गव्हाचें पीठ ४०० ग्रॅम, खपलीचें १००, पाणी सुमारें ३५०, आंबवण १०० आणि मीठ १० ग्रॅम घेऊन मळावें. सांगलीच्या एप्रिलांत चार तासांत पीठ चढतें, अधिक ठेवल्यास आंबट होऊन बसतें. म्हणून उन्हाळ्यांत तें रात्रीं मळून माठाशेजारीं ठेवावें. महाबळेश्वर-पांचगणीच्या थंडींत मात्र रात्रभर वाट पाहावी लागते. भट्टी नसली तरी अडत नाहीं. बिडाचें जाड भांडें चांगलें तापवून त्यांत गोळा सोडावा, झाकण लावावें, खालीं-वर निखारे ठेवावे. ज्यांच्याकडे विजेची भट्टी आहे त्यांनीं २३० अंशांवर झाकणासह २५ मिनिटें व झाकण काढून आणखी २० मिनिटें भाजावें. झाकणाखालीं वाफ कोंडते, त्यामुळें वरचा पापुद्रा लवकर कडक न होतां पाव फुगतो.

भांड्यांतून काढल्यावर बुडावर बोटानें टिचकी मारावी. पोकळ आवाज आला तर आंत भाजला. मुलें घाई करितील, परंतु तासभर तरी सुरी लावूं नये, गाभा ओला राहतो. दुसऱ्या दिवशीं उरलेले तुकडे तव्यावर तुपांत परतून गुळाबरोबर द्यावे. आंबवण ज्यांस हवें असेल त्यांनीं सभा संपल्यावर वाटी घेऊन माझ्याकडे यावें. बरणी बाहेर पडवींत ठेवली आहे.