निबंधात आपलं म्हणणं काय?

(कार्यकर्त्यांच्या लेखन शिबिरात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



तुमच्यापैकी बऱ्याच जणी स्त्री-अभ्यासाचा अभ्यासक्रम करताहेत. निबंधाचा विषय विचारला की उत्तर चटकन येतं: 'हुंडा', 'स्त्रिया आणि मालमत्ता'. 'पण याबद्दल तुमचं म्हणणं काय?' असं विचारलं की मात्र सगळ्या गप्प होतात. आज त्या म्हणण्याबद्दल, म्हणजे निबंधाच्या मध्यवर्ती विधानाबद्दल बोलू या.

विषयाला कुणी 'हे खरं नाही' असं म्हणू शकत नाही. विधानाला म्हणू शकतं. कसोटी एवढीच.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला १८८१ साली अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण त्यानिमित्तानं वर्तमानपत्रांतून समस्त बायकांना दूषणं दिली गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून त्याला उत्तर दिलं. नुसती दुःखं सांगून त्या थांबल्या नाहीत. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत तितकेच, किंबहुना जास्तच आहेत, असं त्यांनी ठणकावलं. मग एकेक दोष घेऊन तो पुरुषांना लावून दाखवला. पुस्तकाची सारी मांडणी त्या एका म्हणण्यातून निघते.

आता आपलं विधान घडवू. विषय: 'मुलींचा मालमत्तेतला वाटा'.

पहिला प्रयत्न: 'मुलींना वाटा मिळालाच पाहिजे.' ही झाली घोषणा. मोर्चात ती हवीच, पण निबंधात त्यापुढे सिद्ध काय करणार?

दुसरा प्रयत्न: 'कायदा आहे, पण वाटा मिळत नाही.' हे बरं आहे. पण कोणता कायदा? का मिळत नाही?

तिसरा प्रयत्न: 'महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क दिला; तरी आमच्या तालुक्यात अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, कारण माहेर हाच त्यांचा अडचणीतला एकमेव आधार असतो.'

आता इथे कारण आलं, मर्यादा आली. 'आमच्या तालुक्यात' हे दोन शब्द महत्त्वाचे. जेवढं पाहिलं तेवढंच बोलायचं. निबंधाचे भागही आपोआप पडले: कायदा काय देतो, सही कशी घेतली जाते, माहेरचा आधार म्हणजे नेमकं काय.

या विधानाला विरोध होणारच. कुणी म्हणेल, 'बहिणी राजीखुशीनं सोडतात.' हा आक्षेप टाळू नका, निबंधात घ्या. ज्यांनी सही नाकारली त्यांचं पुढे काय झालं, ते शोधा. भाऊबीज बंद झाली? बाळंतपणाला माहेरी बोलावलं नाही? तसं आढळलं तर 'राजीखुशी' या शब्दाचा अर्थच तपासावा लागेल. नाही आढळलं, तर विधान बदलायचं. पुरावा पाहून विधान बदलण्यात कमीपणा नाही. पहिल्या खर्ड्यातलं विधान कच्चंच असतं. लिहिता लिहिता ते पक्कं होतं.

हा खटाटोप केवळ मार्कांसाठी नाही. आपल्या संघटनांकडे अनुभवांचा साठा आहे. केसच्या फायली आहेत, गावोगावच्या बैठकांच्या नोंदी आहेत. पण माहिती आपण गोळा करायची आणि निष्कर्ष दुसऱ्यानं काढायचा, असं फार वेळा होतं. नुसती माहिती दिली की तिचा अर्थ कुणीही हवा तसा लावतो. हक्कसोडपत्रांच्या त्याच नोंदींवरून 'बायकांनाच जमीन नको असते' असंही कुणी लिहील. त्यांचा अर्थ आधी आपण सांगायला हवा, आणि तोही पुराव्यानिशी.

तर आता वह्या काढा. विषय खोडा आणि एक पूर्ण वाक्य लिहा. त्यात 'कारण' हा शब्द येतो का पाहा. मग ते शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवा. ती 'कशावरून?' असं म्हणाली, तर समजा निबंधाला सुरुवात झाली.